शोधनिबंध कसा वाचावा, त्यावर कसे लिहावे

हळद, उपवास, मोबाइलच्या लहरी, मुलांची झोप. यांपैकी कशावरही 'नवे संशोधन' आले की वाचकांच्या पत्रांत तेच ते प्रश्न येतात. हे खरे मानायचे का? गेल्या वर्षी एका अभ्यासाने चांगले ठरवलेले यंदा दुसऱ्याने वाईट कसे ठरवले? मूळ शोधनिबंध उघडला तर पहिल्या पानावरच गाडी अडते, मग पुढे काय करायचे? आणि मराठीतून विज्ञानावर लिहू लागलेले शिक्षक, डॉक्टर, पत्रकारितेचे विद्यार्थी विचारतात, गोषवाऱ्याचा सरळ अनुवाद करून दिला तर चालेल ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: चालणार नाही. गोषवारा म्हणजे निबंधाचा सर्वांत सफाईदार भाग. आपले काम उठून दिसावे अशा बेताने लेखकांनीच तो घडवलेला असतो. किती जण मध्येच गळाले, कोणत्या गटाला उपयोग झाला नाही, काय मोजायचे राहून गेले, या अडचणीच्या गोष्टी पुष्कळदा आतल्या पानांत असतात आणि तिथेच राहतात. निबंधात पक्के असते ते एवढेच: अमुक लोकांवर, अमुक काळात, अमुक पद्धतीने अमुक गोष्ट मोजली. त्यापुढचा सगळा लेखकांनी लावलेला अर्थ. मोजलेले किती आणि म्हटलेले किती, हे अंतर ओळखणे हेच वाचणाऱ्याचे काम, आणि ते अंतर वाचकाला दाखवणे हे लिहिणाऱ्याचे. यासाठी पीएचडी लागत नाही. बरीचशी आकडेमोड शाळेतल्या टक्केवारीपुढे जात नाही.

आधी मूळ निबंध हाती घ्या

बातमी, फॉरवर्ड, व्हिडिओ किंवा विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक यांवरून मत बनवू नका. बातमीत संशोधकांचे नाव, नियतकालिक, वर्ष यांपैकी काहीच दिलेले नसेल तर ती तिथेच बाजूला ठेवा. यातले थोडे जरी मिळाले तरी शोध घेता येतो.

- आजकालच्या बहुतेक निबंधांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो मिळाला की थेट मूळ पानावर पोचता येते.
- शीर्षक माहीत असेल तर गूगल स्कॉलरवर शोधा आणि त्या निबंधाच्या सगळ्या आवृत्त्या उघडून बघा. एका ठिकाणी पैसे मागत असतील तरी दुसरीकडे मोफत प्रत बरेचदा सापडते. वैद्यकीय विषय असेल तर पबमेड सेंट्रल, भारतातल्या पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा.
- तुम्ही सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत वा शिकवत असाल, तर केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात आहेत. आपली संस्था यादीत आहे का, हे ग्रंथपालांना विचारा.
- काहीच जमले नाही तर लेखकांना ईमेल करा. पत्रव्यवहाराचा पत्ता पहिल्याच पानावर असतो. आपण कोण, प्रत कशासाठी हवी, एवढ्या दोन ओळी पुरतात.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ मात्र स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कधीही वापरू नका. अस्तित्वातच नसलेले निबंध, खऱ्या वाटणाऱ्या शीर्षकांसह, ही यंत्रे बेधडक सांगतात.

वाचण्याआधीची चाळणी

निबंध हाती आला की मजकुरात शिरण्याआधी काही गोष्टी तपासा.

*प्रसिद्ध झाला आहे की प्रीप्रिंट आहे?* प्रीप्रिंट म्हणजे विषयातल्या इतर जाणकारांनी तपासण्याआधी लेखकांनी खुला केलेला मसुदा. त्यात गैर काही नाही, महासाथीत तर त्याचा फार उपयोग झाला. पण मसुदा हा मसुदा म्हणूनच वाचायला हवा. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट आला. नव्या कोरोना विषाणूच्या प्रथिनातले चार तुकडे एचआयव्हीच्या प्रथिनांशी जुळतात, असा त्याचा दावा होता. एवढे छोटे तुकडे कितीतरी इतर जीवांतही सापडतात, हे जगभरच्या अभ्यासकांनी लगेच दाखवून दिले आणि लेखकांनी दोनच दिवसांत तो मागे घेतला. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर व्यवस्था नीट चालली. पण 'विषाणू प्रयोगशाळेत बनवला' हे सांगणारे फॉरवर्ड त्यानंतरही फिरत राहिले, कारण मागे घेतल्याची बातमी कोणी पुढे पाठवली नाही.

*निबंध मागे घेतला गेला आहे का?* नियतकालिकाच्या पानावर 'रिट्रॅक्टेड' असा शेरा दिसतो. 'रिट्रॅक्शन वॉच' या संकेतस्थळावर अशा निबंधांची नोंद ठेवली जाते. मोठ्या नावाच्या नियतकालिकात आला म्हणून ही पायरी गाळू नका. २२ मे २०२० रोजी 'द लॅन्सेट'मध्ये कोरोनाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक निबंध आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालये, ९६,०३२ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की या औषधाने मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी तात्पुरती थांबवली. मग एक साधी गोष्ट उघड झाली. निबंधातल्या माहितीनुसार ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत कोरोनाने ७३ मृत्यू झाले होते. त्या तारखेपर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियाची अधिकृत नोंद ६७ मृत्यूंची होती. माहिती पुरवणाऱ्या कंपनीने मूळ नोंदी तपासायला दिल्या नाहीत आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. इथे लक्षात घेण्यासारखे हे, की निबंधातला आकडा सार्वजनिक नोंदीशी ताडून पाहायला संख्याशास्त्राचे शिक्षण लागत नाही. ही सवय लावून घ्या.

*नियतकालिक कसले आहे?* पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणारी नियतकालिके भारतात उदंड आहेत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या प्राध्यापकांसह काही संशोधकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कोणत्याही प्रमुख सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे 'यूजीसीमान्य' या शिक्क्यावर विसंबू नका. संपादक मंडळावरची माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, तपासणीला किती दिवस लागले, आठवड्याभरात छापून देण्याचे आश्वासन आहे का, हे बघा.

*प्रयोग कोणावर झाला?* पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर? हळदीतला घटक काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मारतो, यावरून तो रुग्णाच्या शरीरात काय करील हे कळत नाही. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात.

वाचनाचा क्रम बदला

निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो. तसा वाचायला गेलात तर प्रस्तावनेतल्या संदर्भांच्या जंगलातच दमाल. क्रम असा ठेवा:

१. शीर्षक आणि गोषवारा. दावा काय आहे, तो स्वतःच्या एका मराठी वाक्यात लिहून काढा.
२. पद्धतीचा भाग. कोण, किती, कुठे, किती काळ, काय मोजले, कशाशी तुलना केली.
३. तक्ते आणि आलेख. लेखकांनी त्यांबद्दल काय म्हटले ते वाचण्याआधी स्वतः बघा.
४. मर्यादांचा परिच्छेद. तो बहुधा चर्चेच्या शेवटाकडे असतो.
५. निधी कोणी दिला आणि हितसंबंध काय. हे अगदी शेवटी, बारीक टायपात.
६. आता चर्चा आणि निष्कर्ष. सुरुवातीला लिहिलेले वाक्य समोर ठेवा. ते तसेच राहते का, बदलावे लागते का?

पद्धतीचा भाग रुक्ष असतो, हे मान्य. पण दोनच भाग वाचायला वेळ असेल तर पद्धत आणि तक्ते वाचा.

तुलना कशाशी केली?

पद्धतीतला हा सर्वांत कळीचा प्रश्न, आणि त्यासाठी महाराष्ट्रातलाच एक निबंध घेऊ. डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या नवजात बालकांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, त्यांनी घरी जाऊन बाळाची काळजी घेतली आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविकांचे उपचार केले, तर मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न.

आता तक्ता बघा. ज्या ३९ गावांत ही सेवा दिली, तिथे आरंभी हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते. तिसऱ्या वर्षी ते सुमारे २५ वर आले. एवढ्यावरच थांबलात तर कोणीही विचारील, त्या काळात रस्ते झाले असतील, पिके चांगली आली असतील, मृत्यू तसेही कमी झाले असते. म्हणून ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती आणि तिथलेही जन्म-मृत्यू मोजले होते. तिथे आरंभी ५८ होते आणि तिसऱ्या वर्षी जवळपास ६०, म्हणजे काही बदलले नव्हते. हा दुसरा आकडा नसता तर पहिल्याला अर्थ उरला नसता. दोन्हींचा मेळ घालून निव्वळ घट सुमारे ६२ टक्के.

हा निबंध मला मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच त्यालाही कठोर प्रश्न विचारायला हवेत. कोणत्या गावांना सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. मग दोन्ही गट मुळात सारखे होते का? आरंभीचे ६२ आणि ५८ हे आकडे त्याचे बऱ्यापैकी उत्तर देतात. अनेक वर्षे त्याच भागात झटणाऱ्या चमूने केलेले काम इतरत्र तितकेच फळेल का? हे एका निबंधातून कळत नाही, दुसऱ्यांनी दुसरीकडे करून बघावे लागते. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये तशी चाचणी झाली, गट चिठ्ठीने ठरवून. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा घरभेटींच्या गटात नवजात मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा ३४ टक्के कमी होते. फायदा खरा ठरला, प्रमाण कमी भरले. २०११ पासून भारतभर आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात सेवा सुरू झाली. तिच्याविषयी लिहिताना गडचिरोलीचा ६२ टक्क्यांचा आकडा साऱ्या देशाला चिकटवू नका.

'आज चांगले, उद्या वाईट' असे का होते?

बरेचदा कारण एकच असते: आधीचे अभ्यास निरीक्षणाचे होते, नंतरचा चाचणीचा. निरीक्षणात लोक आपापल्या मनाने काय करतात ते नोंदवतात. चाचणीत कोणाला औषध मिळणार हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरते, म्हणून दोन्ही गट इतर बाबतींत सारखे राहतात.

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या अमेरिकन स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे निरीक्षणांत अनेक वर्षे दिसत होते. पण संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया सहसा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्याही होत्या. १६,६०८ स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली, तेव्हा दोन संप्रेरकांच्या गोळीने हृदयविकार कमी होण्याऐवजी थोडा वाढलेला दिसला, स्तनाचा कर्करोगही वाढला, आणि २००२ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. म्हणून 'बदाम खाणाऱ्यांचे हृदय निरोगी' असे वाचलेत तर विचारा: रोज बदाम परवडणाऱ्यांचे आणखी काय काय वेगळे असते?

आकड्यांपाशी थांबा

इथे घाई करू नका. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीच्या निष्कर्षाची बातमी आली: डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने कोरोनाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. मथळ्यांत हेच राहिले. २,१०४ रुग्णांना औषध दिले होते आणि ४,३२१ रुग्णांना नेहमीचेच उपचार. २८ दिवसांत किती दगावले, ते तीन ओळींत बघा:

- व्हेंटिलेटरवरचे रुग्ण: औषधाविना शंभरात ४१.४, औषधासह २९.३.
- फक्त ऑक्सिजन लागणारे: औषधाविना २६.२, औषधासह २३.३.
- ऑक्सिजन न लागणारे: औषधाविना १४.०, औषधासह १७.८.

पहिली ओळ म्हणजे मथळा. साधारण आठ व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना औषध दिले की एक जीव वाचतो, ही वैद्यकात फार मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या ओळीत फायदा शंभरात तिघांचा. तिसऱ्या ओळीत फायदा नाहीच, उलट आकडा चढलेला दिसतो. ही तिसरी ओळ लपवलेली नव्हती, गोषवाऱ्यातही होती. तरी ती पुढे पोचली नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरी असलेल्या, ऑक्सिजनची गरज नसलेल्या अनेकांनी स्टिरॉइड घेतले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अनाठायी वापर यांचा म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाशी संबंध डॉक्टर वारंवार सांगत होते. त्या वर्षी महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे काढावे लागले, ते सांगायला नको.

सापेक्ष आकडा आणि प्रत्यक्ष आकडा. 'एक तृतीयांशाने घट', 'दुप्पट धोका' हे सापेक्ष आकडे. त्यांच्या शेजारी प्रत्यक्ष आकडा लिहिल्याशिवाय ते कधीही वापरू नका. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. प्रत्यक्षात तो ७,००० स्त्रियांत एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. दोन्ही आकडे खरे होते. लोकांपर्यंत एकच पोचला.

कॉन्फिडन्स इंटर्व्हल. कंसात दिलेले दोन आकडे वगळून पुढे जाऊ नका. आपला अंदाज कितपत सैल आहे, हे तेच सांगतात. वरच्या 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरच्या गटासाठी मृत्यूचे गुणोत्तर ०.६४ होते आणि त्याची मर्यादा ०.५१ ते ०.८१. एक म्हणजे फरक नाही. इथे दोन्ही टोके एकाच्या खाली आहेत, म्हणजे फायद्यावर भरवसा ठेवता येतो. ऑक्सिजन न लागणाऱ्यांच्या गटात गुणोत्तर १.१९ आणि मर्यादा साधारण ०.९ ते १.५५. एक हा आकडा मध्येच येतो. म्हणून 'या रुग्णांना औषधाने अपाय होतो हे दिसून आले' असे लिहिणेही चूक. 'फायदा दिसला नाही, अपायाची शक्यता नाकारता येत नाही' एवढेच लिहिता येते.

पी-व्हॅल्यू. पी ०.०५ पेक्षा कमी, याचा अर्थ दावा खरा असण्याची शक्यता ९५ टक्के असा नाही. प्रत्यक्षात काहीच परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या पाचांहून कमी वेळा दिसला असता, इतकाच त्याचा अर्थ. मग अनेक गोष्टी मोजल्या की एखादी योगायोगाने जमणारच. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने हे मुद्दाम करून दाखवले. जर्मनीत जेमतेम पंधरा माणसे, तीन आठवडे, तीन गट, आणि वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा १८ गोष्टींची मोजणी. अठरांपैकी काहीतरी जमण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होती, आणि जमले: चॉकलेट खाणाऱ्यांचे वजन लवकर उतरले! पैसे घेणाऱ्या एका नियतकालिकाने निबंध छापला, आणि युरोपातल्या मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांसह कितीतरी ठिकाणी बातमी झळकली. किती माणसांवर प्रयोग झाला, हे बहुतेकांनी विचारलेच नाही.

म्हणून चाचणी वाचताना बघा, काय मोजणार हे आधी जाहीर केले होते का? भारतात चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' इथे होते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, कोणालाही मोफत पाहता येते. चाचणीचा नोंदणी क्रमांक निबंधात दिलेला असतो. तो टाकून मूळ नोंद उघडा. नोंदीत मुख्य मोजमाप एक आणि निबंधात दुसरेच पुढे केलेले असेल, तर तीच तुमच्या लेखातली महत्त्वाची गोष्ट.

लिहायला बसताना

पहिल्या दोन परिच्छेदांत वाचकाला एवढे मिळालेच पाहिजे: अभ्यास कोणावर झाला, किती जणांवर, कुठे, किती काळ, आणि तुलना कशाशी. हे शेवटी टाकू नका. शेवटपर्यंत सगळे वाचक येत नाहीत.

एकच निष्कर्ष दोन प्रकारे लिहून बघू.

पहिला प्रकार: 'स्टिरॉइडमुळे कोरोनाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात, असे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.'

दुसरा प्रकार: 'ब्रिटनमधल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या साडेसहा हजारांच्या आसपास रुग्णांवरच्या चाचणीत, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपैकी डेक्सामेथासोन मिळालेल्यांत शंभरातले २९ दगावले, न मिळालेल्यांत ४१. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना या औषधाचा फायदा दिसला नाही. घरी उपचार घेणाऱ्यांचा या चाचणीत समावेश नव्हता.'

दुसरा प्रकार लांब आहे. संपादक तो छाटायला सांगतील. लेखातली विशेषणे छाटा, शास्त्रज्ञांची स्तुती छाटा. शेवटची दोन वाक्ये छाटू देऊ नका.

आणखी काही सूचना:

- 'सिद्ध झाले', 'शास्त्रज्ञांनी शोधून काढले' यांऐवजी 'आढळले', 'दिसून आले', 'असा लेखकांचा दावा आहे' यांतले जे खरे असेल ते वापरा. निरीक्षणाच्या अभ्यासावर लिहिताना 'मुळे' हा प्रत्यय टाळा.
- प्रयोग उंदरांवर झाला असेल तर 'उंदीर' हा शब्द मथळ्यातच हवा.
- आकडे शंभरात किंवा हजारात किती, असे द्या. मराठी वाचकाला ते चटकन समजतात.
- निबंधाशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणकाराचे मत घ्या. आपल्या विद्यापीठांत, वैद्यकीय महाविद्यालयांत, कृषी विद्यापीठांत अशी माणसे आहेत. निबंध दोन दिवस आधी पाठवा आणि नेमका प्रश्न विचारा: यातली सर्वांत कच्ची बाजू कोणती?
- निधी देणाऱ्याचे नाव लिहा. कंपनीचा पैसा आहे म्हणजे निष्कर्ष खोटा असे नव्हे, पण वाचकाला ते कळायला हवे.
- याच विषयावरचे आधीचे निबंध काय म्हणतात ते एका वाक्यात तरी सांगा. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा उपलब्ध असेल तर एकट्या नव्या निबंधापेक्षा त्याला अधिक वजन द्या.
- परदेशातला निष्कर्ष आपल्याला लागू होईलच असे नाही. आहार, हवामान, सोबतचे आजार, रुग्णालयाचे अंतर, सारे वेगळे असते. ते कुठे आड येऊ शकते, ते स्पष्ट लिहा.
- निबंधाचे मूळ शीर्षक आणि डीओआय लेखाखाली द्या, म्हणजे ज्याला तपासायचे त्याला तपासता येईल.

तुमचे हक्क, तुमच्या मर्यादा

निबंधातली माहिती, आकडे आणि कल्पना यांवर कोणाची मालकी नसते. त्या आपल्या शब्दांत सांगायला परवानगी लागत नाही. स्वामित्वहक्क असतो तो मांडणीवर, म्हणजे वाक्ये, चित्रे, आलेख यांवर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ खासगी अभ्यास आणि संशोधन, टीका वा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी योग्य प्रमाणात वापराची मुभा देते. समीक्षेसाठी दोन-चार ओळी, श्रेय देऊन, उद्धृत करता येतात. अख्खा निबंध अनुवादून छापणे किंवा आलेख जसाच्या तसा उचलणे वेगळे; त्यासाठी परवानगी घ्या. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा 'सीसी-बाय' परवाना असेल तर श्रेय देऊन चित्रही वापरता येते. परवान्याची ओळ निबंधावरच असते. आकड्यांवरून स्वतः आलेख काढणे हा सर्वांत सोपा मार्ग.

निबंधावर प्रश्न उपस्थित करण्याचा हक्कही तुम्हाला आहे. नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिता येते, 'पबपीअर' या संकेतस्थळावर टिप्पणी नोंदवता येते. मात्र चूक दाखवणे आणि लबाडीचा आरोप करणे यांत फरक ठेवा. 'या तक्त्यातली बेरीज जुळत नाही' हे लिहा. 'आकडे बनावट आहेत' असे लिहिण्यासाठी वेगळा पुरावा लागतो आणि तो नसेल तर कायद्याच्या बाजूनेही अडचणीत याल.

कोणत्याही एका निबंधावरून वाचकाला औषध सुरू करायला किंवा बंद करायला सांगू नका. तुम्ही डॉक्टर असलात तरी नाही, कारण वाचक तुमच्यासमोर बसलेला रुग्ण नाही. आणि लेख छापून आल्यावर मूळ निबंध मागे घेतला गेला, तर त्याची बातमी पहिल्या लेखाच्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे द्या.

शेवटी एक विनंती संशोधन करणाऱ्यांना. तुमचा निबंध प्रसिद्ध झाला की त्याचा दोन पानांचा मराठी गोषवारा तुम्हीच लिहा: काय मोजले, कोणावर, काय आढळले, आणि यावरून काय म्हणता येत नाही. तो संस्थेच्या पानावर ठेवा आणि जिल्ह्यातल्या पत्रकारांना पाठवा. ज्या गावांत, ज्या दवाखान्यांत, ज्या शेतांत तुम्ही माहिती गोळा केली, तिथल्या लोकांना तो सर्वांत आधी द्या.